जत्रांच्या आधी हॅकिंटॉश: पुनर्बांधणीच्या नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार, सावंतवाडी

दसऱ्याची झेंडूची माळ काढली, कॅबिनेटवरचं हळदकुंकू पुसलं आणि पॅनेलचे स्क्रू सोडवले. हे यंत्र म्हणजे हॅकिंटॉश, ॲपलने न बनवलेल्या संगणकावर चालवलेलं ॲपलचं मॅकओएस.

आजची स्थिती आधी लिहून ठेवतो. इंटेल कोअर आय५-८४००, सहा कोर. बी३६० चिपसेटचा मदरबोर्ड. १६ जीबी रॅम. जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. २५० जीबीची साटा एसएसडी, तिच्यावर मॅकओएस हाय सिएरा १०.१३.६ आणि ते सुरू करून देणारा क्लोव्हर बूटलोडर. दुसऱ्या डिस्कवर विंडोज १०. सगळं २०१८ साली जोडलेलं.

हाय सिएरावर सात वर्षं अडकून पडण्याचं कारण एकच, ते कार्ड. एनव्हिडियाची पास्कल पिढीची कार्डं मॅकओएसवर चालायची ती एनव्हिडियाच्या वेगळ्या 'वेब ड्रायव्हर'च्या जोरावर. सप्टेंबर २०१८ मध्ये मोहावी आलं आणि त्याच्यासाठी ते ड्रायव्हर निघालेच नाहीत. हाय सिएराची सुरक्षा अपडेट्स २०२० मध्ये थांबली, क्रोमने २०२३ मध्ये साथ सोडली. फायनल कट प्रो या व्हिडिओ संकलनाच्या ॲपची नवी आवृत्ती तर दारातही उभं करत नाही.

काम काय आहे, तेही लिहितो, कारण सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. आमच्या भागातल्या जत्रांमध्ये होणारे दशावतारी नाट्यप्रयोग आम्ही काही मित्र चित्रित करतो. तीन कॅमेरे, ध्वनी वेगळा, प्रयोग रात्रभराचा. संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचले जातात, त्यामुळे एकाच आख्यानाचे दोन प्रयोग कधी सारखे होत नाहीत. म्हणून सगळंच जपायचं. त्रिपुरारी पौर्णिमेनंतर जत्रांचा हंगाम सुरू होईल. त्याआधी हे यंत्र उभं राहायला हवं.

कुठपर्यंत जायचं, तेही आजच ठरवून टाकलं. सिक्वोया, म्हणजे मॅकओएस १५. गेल्या महिन्यात आलेलं टाहो नाही. इंटेल मॅकसाठी टाहो हेच शेवटचं, असं ॲपलने जूनमध्ये सांगून टाकलं आहे, आणि तेसुद्धा फक्त चार इंटेल मॅकवर चालतं. माझ्या प्रोसेसरच्या पिढीचा २०१९चा आयमॅक त्या चारांत नाही. शिवाय टाहोमधून ॲपलएचडीए हा जुना ध्वनी ड्रायव्हरच काढून टाकला आहे, म्हणजे मदरबोर्डवरचा आवाज मुका. एका वर्षाच्या नवेपणासाठी एवढी ओढाताण कशाला? मागच्या दोन आवृत्त्यांना सुरक्षा अपडेट्स देत राहायची ॲपलची आजवरची रीत आहे. ती टिकली तर सिक्वोया २०२७च्या पावसाळ्यापर्यंत सहज चालेल.

एक नियम स्वतःला घालून घेतला आहे. इंटरनेटवर लोकांच्या तयार ईएफआय फोल्डरचा, म्हणजे बूटलोडर आणि त्याच्या सेटिंगच्या संचाचा, बाजार भरलेला असतो. तुमचाच बोर्ड, डाउनलोड करा, चालू. त्यातलं काहीही घ्यायचं नाही. कॉन्फिगमधली, म्हणजे बूटलोडरच्या सेटिंगच्या फाइलमधली, जी ओळ मी लिहीन, तिच्यापुढे वहीत कारण लिहायचं. कारण लिहिता येत नसेल तर ओळ काढायची.

५ ऑक्टोबर, रविवार

साफसफाई. कोकणात कॉम्प्युटरची धूळ कोरडी नसते, ती लेपासारखी बसते. एसएमपीएसच्या जाळीमागे पालीची दोन अंडी, एक फुटलेलं. रॅमच्या पट्ट्यांच्या सोनेरी कडांवर हिरवट डाग. खोडरबराने हलक्या हाताने घासल्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट खडूसारखी झाली होती, ती खरवडून नवी लावली.

एसएमपीएस ५५० वॅटचा आहे. त्याचे व्होल्टेज मल्टिमीटरने तपासले, ठीक. पंखा मात्र बदलावा लागेल. यूपीएसची बॅटरी गेलेली आहे, हे पावसाळ्यातच कळलं होतं.

जुन्या एसएसडीला हात लावणार नाही. तिच्यावरचं हाय सिएरा आणि क्लोव्हर जसंच्या तसं काढून कपाटात ठेवलं. चालत्या क्लोव्हरवरच ओपनकोअर हा नवा बूटलोडर चढवायचा मोह अनेकांना होतो. पण क्लोव्हर सिस्टिममध्ये आपल्या स्क्रिप्ट टाकून ठेवतो आणि एनव्हीरॅममध्येही, म्हणजे बोर्डाच्या वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीतही, त्याचा कचरा राहतो. नंतर कुठला दोष कोणाचा, याचा पत्ता लागत नाही. नवी डिस्क, नवी सुरुवात, आणि एनव्हीरॅम एकदा स्वच्छ.

११ ऑक्टोबर, शनिवार, मुंबई

तुतारी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवर पूर्वीइतकी गर्दी नाही, पण जुन्या वस्तू हातात घेऊन बघायच्या तर अजून इथेच यावं लागतं.

खरेदीची यादी छोटी होती. एक टीबी एनव्हीएमई एसएसडी, १६ जीबी रॅमची जोडी, एसएमपीएसचा पंखा, यूपीएसची बॅटरी. आणि मुख्य वस्तू, एएमडीचं ग्राफिक्स कार्ड.

कार्डाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. कार्ड किती ताकदीचं आहे, हे मॅकओएसच्या दृष्टीने गौण. त्या चिपचा ड्रायव्हर ॲपलने लिहिला आहे का, एवढंच बघायचं. आणि ॲपल ड्रायव्हर लिहिते ते स्वतःच्या मॅकमध्ये बसणाऱ्या चिपसाठी. आरएक्स ६६००मध्ये नावी २३ ही चिप आहे. हीच चिप ॲपलने मॅक प्रोसाठी रेडिऑन प्रो डब्ल्यू६६००एक्स या नावाच्या कार्डात विकली, म्हणून मॉन्टेरे १२.१पासून तिला आधार आहे. तिच्याहून दमदार आरएक्स ६७०० एक्सटीमध्ये नावी २२ आहे, जी कुठल्याच मॅकमध्ये बसली नाही, म्हणून तिला ड्रायव्हरच नाही. स्वस्तातलं आरएक्स ६५०० एक्सटी म्हणजे नावी २४, तेही बाद. आरएक्स ६६५० एक्सटीची चिप नावी २३च आहे, पण तिचा उपकरण क्रमांक वेगळा असल्याने ड्रायव्हर तिला ओळखत नाही. खोटा क्रमांक सांगून चालवता येतं. माझ्या वहीत मला अशी ओळ नको आहे.

तेव्हा आरएक्स ६६००, ८ जीबी, वापरलेलं. एका दुकानदाराने "एकदम नवं आहे साहेब, फक्त खोका नाही" म्हणून पुढे केलेल्या कार्डाच्या पॅडमधून तेल पाझरलेलं दिसत होतं. ते ठेवलं तिथेच. दुसरीकडे मिळालेलं कार्ड तिथल्याच यंत्रात लावून अर्धा तास ताणलं. पंखे नीट, चित्र स्वच्छ, तापमान ऐंशीच्या आत. हे कार्ड १३२ वॅट घेतं, एकच आठ पिनची वायर. माझ्या एसएमपीएसला भार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज यंत्राला हातच लावला नाही. वही, पेन आणि विंडोजवर उघडलेली कॉन्फिग फाइल.

मॅकओएस सुरू होताना हार्डवेअरला दोन गोष्टी विचारतं. तू कोण, आणि तुझं घर कसं रचलेलं आहे. ओपनकोअर या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. मॅकओएसमध्ये काहीही न बदलता, त्याच्या आधी जागा होऊन.

'तू कोण'चं उत्तर म्हणजे एसएमबायोस, यंत्राचं मॉडेल सांगणारी नोंद. मी 'आयमॅक१९,१' निवडलं, म्हणजे २०१९चा २७ इंची आयमॅक. आठव्या-नवव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर असलेला. दशावतारातलं सोंग नटाच्या अंगकाठीला शोभावं लागतं, तसंच हे. पर्याय २०२०च्या आयमॅकचाही होता. पण त्या मॅकमध्ये टी२ ही सुरक्षा चिप असते, आणि तिचं सोंग घेतलं की अपडेट मिळवताना चिप कुठे आहे, अशी विचारणा होते. मग ती चुकवायला आणखी एक केक्स्ट, म्हणजे मॅकओएसच्या कर्नलला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा. २०१९च्या आयमॅकमध्ये टी२ नाही. विषय संपला.

दुसरं ओळखपत्र एसएमसी चिपचं. खऱ्या इंटेल मॅकमध्ये पंखे, तापमान, वीज सांभाळणारी ही वेगळी चिप असते, आणि तिच्यात ६४ अक्षरांची एक किल्ली असते. ती किल्ली म्हणजे चक्क एक इंग्रजी वाक्य आहे, आमची मेहनत चोरू नका अशा विनवणीचं. ती मिळाली नाही तर डेस्कटॉप उघडतच नाही. पूर्वी फेकएसएमसी होता, आता व्हर्च्युअलएसएमसी हे काम करतो.

विनवणीचा विषय निघालाच आहे तर हेही. मॅकओएसच्या परवान्यात ते फक्त ॲपलचा शिक्का असलेल्या संगणकावर बसवायची मुभा आहे. माझं हे यंत्र त्यात बसत नाही, हे उघड आहे. सायस्टार नावाच्या फ्लोरिडातल्या कंपनीने अशी यंत्रं विकायला काढली, तेव्हा २००८ मध्ये ॲपल कोर्टात गेली आणि पुढच्या वर्षी निकाल ॲपलच्या बाजूने लागला. घरात स्वतःसाठी जोडणाऱ्यांच्या मागे मात्र ती लागलेली नाही. मी यंत्र विकत नाही, कोणाला बांधूनही देत नाही. फायनल कट प्रो पैसे भरून घेतलेलं आहे.

आता 'घर कसं रचलंय'. बोर्डाच्या एसीपीआय तक्त्यांना, म्हणजे हार्डवेअरची रचना सांगणाऱ्या याद्यांना, लागणाऱ्या दुरुस्त्या:

प्लग: प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करायचं काम मॅकओएसच्या हाती द्यायला.
ईसी आणि यूएसबीएक्स: मॅकला अपेक्षित असलेला एम्बेडेड कंट्रोलर दाखवायला, आणि यूएसबीला पुरेसा विद्युतप्रवाह मिळावा म्हणून.
एडब्ल्यूएसी: या बोर्डावर घड्याळाची नवी पद्धत सुरू असते, मॅकओएसला जुनंच घड्याळ लागतं.
पीएमसी: बी३६०वर याच्याशिवाय एनव्हीरॅममध्ये काही टिकत नाही. झेड३७०वर याची गरज नाही, म्हणून झेड३७०ची ईएफआय उचलणारे इथे आपटतात.

केक्स्ट: लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटेव्हरग्रीन, ॲपलएएलसी, आणि बोर्डावरच्या इंटेल आय२१९-व्ही नेटवर्क चिपसाठी इंटेलमॉसी. एवढेच. लोकांच्या ईएफआयमध्ये पंचवीस-तीस केक्स्ट बघितले आहेत, त्यात लॅपटॉपच्या बॅटरीचा केक्स्टसुद्धा.

प्रोसेसरमधलं यूएचडी ६३० हे ग्राफिक्स बंद करायचं नाही. त्याला पडद्याविना ठेवायचं, प्लॅटफॉर्म आयडी ०३००९१३ई. खऱ्या आयमॅकमध्येही तसंच असतं. चित्र एएमडीचं कार्ड दाखवतं आणि व्हिडिओ उलगडायच्या कामात इंटेलचा भाग हात लावतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बायोस: फास्ट बूट बंद, सिक्युअर बूट बंद, सीएसएम बंद, सिरियल पोर्ट बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू, साटा एएचसीआयवर. सीएफजी लॉक नावाचा पर्याय मेन्यूत दिसतच नाही.

सीएफजी लॉक म्हणजे प्रोसेसरच्या ०एक्सई२ या रजिस्टरला घातलेलं कुलूप. मॅकओएसचा कर्नल वीज व्यवस्थापनासाठी तिथे लिहायला जातो, कुलूप दिसलं की जागेवर कोसळतो. ओपनकोअरसोबत कंट्रोलएमएसआरई२ नावाचं साधन येतं, त्याने तपासलं. कुलूप आहे. उघडता येतं, पण ते बायोसच्या स्मृतीत लिहिलं जातं, म्हणजे बायोस मूळपदावर गेला की परत कुलूप. आमच्याकडे लाईट जाते त्या मानाने हे परवडणारं नाही. म्हणून कॉन्फिगमधला ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक हा उपाय चालू केला, कर्नलला तिथे लिहूच न देणारा. जाणकार कुलूप उघडणंच बरं म्हणतात. त्यांच्याकडे लाईट जात नसावी.

पेनड्राइव्हवर ओपनकोअर आणि ॲपलच्या सर्व्हरवरून घेतलेली सिक्वोयाची रिकव्हरी. ती एक जीबीच्या आतच आहे. बाकीचं, म्हणजे सुमारे १४ जीबी, बसवताना उतरतं. दुपारी सुरू केलं.

पहिल्या बूटला ओळी सरसर वर गेल्या, सफरचंद दिसलं, पट्टी अर्ध्यावर आली आणि पडदा काळा. यंत्र मात्र जिवंत, कॅप्सलॉकचा दिवा लागतो. हे वाचलेलं होतं, पण बघायचं होतं. मॅकओएसचं ग्राफिक्स धोरण यंत्राच्या ओळखीवरून ठरवतं की कुठल्या कार्डाला कुठली जोडणी द्यायची. २०१९च्या आयमॅकमध्ये नावीचं कार्ड कधी नव्हतं, त्यामुळे त्याच्या यादीत ही जोडणी नाही आणि पडद्याला काही मिळत नाही. बूट आर्ग्युमेंटमध्ये 'एजीडीपीमॉड=पिकेरा' घातलं, व्हॉटेव्हरग्रीनने ती तपासणी वळवली, चित्र आलं. वहीत कारणासह नोंद. पोलारिस पिढीच्या आरएक्स ५८०ला हे लागत नाही, तरी तिच्या हजारो ईएफआयमध्ये ही ओळ सापडेल.

डिस्क एपीएफएसमध्ये तयार केली आणि डाउनलोड लावून जेवायला गेलो. रात्री उशिरा, दोन-तीन वेळा आपोआप रीस्टार्ट होऊन, भाषा निवडायचा पडदा आला. 'अबाउट धिस मॅक'मध्ये आरएक्स ६६००, ८ जीबी, ३२ जीबी रॅम. मेनू पारदर्शक, खिडक्या गुळगुळीत, म्हणजे मेटल ही ॲपलची ग्राफिक्स प्रणाली चालू आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी छान चालत होतं. ईएफआय पेनड्राइव्हवरून डिस्कच्या ईएफआय विभागात हलवली, पेनड्राइव्ह काढून बूट केलं, तेही जमलं. दुपारी परतीच्या पावसाने विजांसकट झोडपलं. लाईट गेली, यूपीएसला नवी बॅटरी बसवायची अजून बाकीच होती, मी सगळ्या वायरी भिंतीतून काढून ठेवल्या.

संध्याकाळी वायरी लावल्या. बूट होताना 'ईएक्सआयटीबीएस: स्टार्ट' या ओळीवर थांबलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

ही ओळ हॅकिंटॉशवाल्यांच्या स्वप्नात येते. इथे फर्मवेअर आपला कारभार कर्नलकडे सोपवतं आणि बाजूला होतं. इथे थांबलं की सल्ले सुरू होतात, स्मृतीच्या नकाशाचे सगळे क्वर्क, म्हणजे ओपनकोअरचे दुरुस्तीचे पर्याय, एकेक बदलून बघा. पण सकाळी जे चालत होतं त्याच्या कॉन्फिगमध्ये मी एक अक्षर बदललेलं नाही. मग बदललं काय?

बायोसमध्ये गेलो. तारीख १ जानेवारी २०१८.

तिथेच कळलं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला. जोवर भिंतीतून वीज येत होती तोवर बायोस आपली स्मृती राखून होता. वायर काढली आणि सगळं मूळपदावर. सीएसएम परत चालू, अबव्ह ४जी बंद. नवा सेल घड्याळजीकडे मिळाला, रविवार असूनही त्याचं दुकान उघडं होतं. सेटिंग परत लावली, बायोसमध्ये त्यांचं प्रोफाइल जतन केलं आणि पडद्यांचे फोटो फोनमध्ये ठेवले. पहिल्याच बूटला डेस्कटॉप. कालचा कुलूप न उघडण्याचा निर्णय आज फळला. ते उघडलं असतं तर आज तेही परत बंद झालेलं असतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

काम नाही. फराळ.

फोनवर बुवा. हे आमच्या नाटकमंडळीतले पेटीवाले. "रेकॉर्डिंग कधी गावतला माका?" गेल्या हंगामातल्या एका प्रयोगाचं संकलन अजून राहिलंय, त्याबद्दल. म्हटलं, जत्रेआधी देतो बुवा. त्यांचा विश्वास बसल्यासारखा वाटला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

यूएसबीचा नकाशा. सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात जास्त लोक टाळतात ते.

एल कॅपिटनपासून, म्हणजे २०१५पासून, मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५पेक्षा जास्त पोर्ट मानत नाही. पंधरा पुष्कळ वाटतात. पण निळ्या रंगाचं एक यूएसबी ३ भोक म्हणजे दोन पोर्ट, एक जुन्या वेगाचा, एक नव्या. शिवाय मदरबोर्डाच्या तक्त्यात प्रत्यक्षात नसलेले पोर्टही लिहिलेले असतात. तक्त्यात वीसच्या वर नोंदी. मॅकओएस पहिले पंधरा घेतं आणि पुढचे टाकून देतं. त्यात नेमका तुमच्या कामाचा पोर्ट असतो. ही मर्यादाच उठवणारा क्वर्क पूर्वी चालायचा, बिग सुर ११.३पासून तो भरवशाचा राहिला नाही.

विंडोजवर यूएसबीटूलबॉक्स चालवलं. एक जुना यूएसबी २चा पेनड्राइव्ह, एक यूएसबी ३चा, आणि प्रत्येक भोकात दोन्ही घालून कुठला क्रमांक पेटतो ते वहीत लिहायचं. मागची सहा, पुढची दोन, आणि बोर्डावरच्या पिना. मागे कीबोर्ड-माऊसच्या दोन भोकांना यूएसबी २ इतकंच ठेवलं. पुढची दोन्ही पूर्ण, कारण कॅमेऱ्यांची कार्डं तिथेच लागतात. मागची तीन निळी पूर्ण. ध्वनी इंटरफेससाठी एक. बेरीज १५च्या आत बसली, दोन शिल्लक.

नकाशाचा केक्स्ट घालून बूट केलं. कार्ड रीडर पुढच्या भोकात पूर्ण वेगाने दिसला.

जाता जाता, १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा आधार संपला. आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ला चालतो, म्हणून त्या डिस्कवर तेही चढवलं. विंडोज मात्र ओपनकोअरच्या यादीतून सुरू करायचं नाही. ओपनकोअर एसीपीआयच्या दुरुस्त्या सगळ्याच सिस्टिमना पाजतो, आणि मॅकसाठी केलेली सोंगं विंडोजला दाखवायची गरज नाही. दोन वेगळ्या डिस्क, बायोसच्या बूट मेन्यूतून निवड.

२६ ऑक्टोबर, रविवार

स्लीप. झोपवलं की दोन सेकंदांत डोळे उघडतं. 'पीएमसेट' या वीज व्यवस्थापनाच्या कमांडच्या नोंदीत उठण्याचं कारण एक्सएचसी, म्हणजे यूएसबी. माऊस काढला तरी तेच. बोर्डाचं फर्मवेअर यूएसबीकडून येणाऱ्या जागं करण्याच्या इशाऱ्याला जास्तच भाव देतं. जीपीआरडब्ल्यू या पद्धतीवरचा एसीपीआय बदल घातला. आता झोपतं आणि पॉवरचं बटण दाबल्यावरच उठतं. कीबोर्डने उठत नाही. मला चालेल.

वायफायचं कार्ड काढून टाकलं. ब्रॉडकॉमचं होतं, हाय सिएरावर काही न करता चालायचं. सोनोमापासून ॲपलने त्या पिढीच्या वायफायचा आधार काढला. ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून ते परत आणता येतं, पण त्यासाठी सिस्टिमच्या सीलबंद विभागात जुन्या फाइल घुसवायच्या आणि सुरक्षेची दोन दारं कायमची उघडी ठेवायची. प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा तेच. ओपनकोअरची सगळी गंमत मॅकओएसला हात न लावण्यात आहे. वायफायसाठी ती घालवायची नाही. राऊटरपासून माळ्यापर्यंत नेटवर्कची वायर ओढली, पंधरा मीटर, खिळे मारून. एअरड्रॉप गेलं. कोणाच्या घरात आयफोन आहे इथे?

आवाज: बोर्डावरची ध्वनी चिप एएलसी८८७, ॲपलएएलसीच्या लेआउट १ने मागचं भोक चालू झालं, पुढचा माइक नाही. दुसरे लेआउट बघत बसलो नाही. ध्वनी इंटरफेस यूएसबीवर आहेच.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज खरी परीक्षा. गेल्या हंगामातला तो राहिलेला प्रयोग, बुवांचा. तीन कॅमेऱ्यांचं ४के चित्रण, ध्वनी वेगळ्या रेकॉर्डरवर, मृदंग, झांज आणि पेटी सगळं एकत्र. हाय सिएरावर हे प्रॉक्सी, म्हणजे चित्रणाच्या हलक्या प्रती, बनवल्याशिवाय हलत नसे, आणि प्रॉक्सी बनवण्यात रात्र जायची.

तिन्ही कॅमेरे ध्वनीवरून जुळवले. मल्टिकॅममध्ये तिन्ही कोन एकाच वेळी चालतात, प्रॉक्सीशिवाय, अडखळत नाहीत. संकासुराच्या प्रवेशाला मंडपातला दिवा एकच होता, चित्रात दाणेच दाणे. नॉइज रिडक्शन लावलं, तेव्हा कार्डाचे पंखे पहिल्यांदा ऐकू आले. तापमान ७४वर जाऊन तिथेच थांबलं. झाकण बंद असताना.

नव्या फायनल कटमध्ये बोलणं ऐकून आपोआप उपशीर्षकं करणारी सोय आहे. ती फक्त ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालते, इंटेलवर नाही. तसंही तिला मालवणी कोण शिकवणार? श्रेयनामावली नेहमीप्रमाणे श्री देवनागरी ७१४मध्ये. मॅकओएससोबत येणारा हा टाइप पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा आहे, आणि मोठ्या आकारात तो पडद्यावर जसा उभा राहतो तसा दुसरा कुठला मला मिळालेला नाही.

एक त्रास राहिला. ॲप स्टोअरला लॉगिन होईना. नेटवर्कचं उपकरण 'ईएन०' म्हणून आणि अंगभूत म्हणून दिसावं लागतं. मागे वायफायच्या कार्डाने तो क्रमांक घेतला होता आणि कार्ड काढल्यावरही नोंद तशीच होती. नेटवर्कच्या दोन प्रेफरन्स फाइल काढून रीस्टार्ट केल्यावर इंटेलची चिप ईएन० झाली आणि लॉगिन झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सिक्वोयाचं सुरक्षा अपडेट आलं. सिस्टिम सेटिंग्जमधून, कुठल्याही मॅकवर होतं तसं. आधी ईएफआयची प्रत आणि डिस्कची बॅकअप घेतली, मग बटण दाबलं. अर्ध्या तासात परत डेस्कटॉप. यूएसबी, स्लीप, नेटवर्क, ग्राफिक्स तपासलं, सगळं जागेवर.

बुवांचा प्रयोग पेनड्राइव्हवर देऊन आलो.

शिल्लक कामं: पुढच्या माइकचा लेआउट, वेळ मिळाला तर. बायोसच्या फोटोंचे प्रिंट काढून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवायचे. चालू ईएफआयचा पेनड्राइव्ह केबलला बांधून आतच ठेवला आहे. त्यातली कॉन्फिग आणि वहीतली कारणं एकदा शेजारी ठेवून वाचली. 'डिव्हर्च्युअलाइझ एमएमआयओ' हा एकच क्वर्क असा निघाला ज्याच्यापुढे कारण नव्हतं. तो बंद करून बूट केलं. काही फरक नाही. बंदच राहील.

सोमवारी पहिल्या जत्रेचं चित्रण.